दहावीचा निकाल आणि आमची मुले



बेळगाव जिल्ह्यातील शाळा बेळगाव व चिकोडी अशा दोन शैक्षणिक जिल्ह्यांत विभागलेल्या आहेत; खानापूर पहिल्यात, निपाणी दुसऱ्यात. दोहींकडे सध्या दहावीच्या निकालाचीच वार्ता आहे.

गेल्या रविवारी मिस्सेनंतर एक गृहस्थ भेटले. मुलगा गणितात अडला होता. “आता त्यास गोव्यास कामाला धाडतो, फादर,” म्हणाले. निकालाचा कागद खिशात होता, पण तो बाहेर काढवेना. दुसऱ्या परीक्षेचा अर्ज भरला काय, असे आम्ही विचारले. अशी परीक्षा असते, हेच त्यांच्या कानी आले नव्हते!

कर्नाटकात २०२४ व २०२५ साली दहावीची परीक्षा वर्षातून तीनदा झाली. २०२५ साली पहिली मार्च-एप्रिलमध्ये, दुसरी २६ मेपासून व तिसरी जुलैत झाली. राहिलेला विषय तेवढाच पुन्हा द्यावयाचा. उत्तीर्ण झालेल्यांसही गुण वाढविण्यासाठी बसता येते. अधिक असतील तेच गुण धरतात. मात्र अर्ज मुलाच्या शाळेतूनच जातो, मुदत थोडी असते, आणि सुटीत शाळेकडे फिरकतो कोण?

येत्या रविवारी मिस्सेनंतर आम्ही याच कामासाठी बसणार आहोत. पालकांनी गुणपत्रक घेऊन यावे. मुलींची गुणपत्रके बहुधा पेटीतच राहतात, असा आमचा अनुभव आहे, तीही आणावीत.

ते गृहस्थ सोमवारी मुलास घेऊन शाळेत गेले. गोव्यास जाणे तूर्त राहिले आहे.