रंग जाईल, मीठ कुठे जाईल?

पंचगंगेत काळं पाणी येऊन मासे तरंगू लागले, की आमच्या इचलकरंजीच्या ग्रुपवर फोटोंचा पाऊस पडतो. मी इथे आखातात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पात काम करतो, त्यामुळे प्रश्न माझ्याकडेच येतो: ‘विजेने रंगाचं पाणी स्वच्छ होतं म्हणे, मग प्रोसेसवाले ते का करत नाहीत?’

रंग जातो, हे खरं. आमच्याकडे समुद्राच्या थोड्या पाण्यात वीज सोडतात. त्यातल्या मिठापासून हायपोक्लोराइट, म्हणजे ब्लीचच, तयार होतं आणि पाइपात शिंपले-शेवाळ धरत नाही. सुती कापड रंगवताना रंग धाग्यावर चढावा म्हणून लिटरमागे 50-60 ग्रॅम मीठ सहज पडतं. साधं मीठ वापरलं असेल, तर त्या सांडपाण्यातही विजेने ब्लीच तयार होऊन रंग तुटतो. दुसरी रीत लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची. त्या विरघळून रंगाला धरतात आणि गाळ खाली बसतो.

पण मीठ जिथल्या तिथे राहतं. क्लोरीनमुळे नवी घातक संयुगं बनू शकतात, गाळाची विल्हेवाट लावावी लागते, वीजबिल वेगळंच. मला भीती निराळीच वाटते. काळं पाणी डोळ्यांना दिसतं, म्हणून निदान ओरड तरी होते. बिनरंगी खारं पाणी शिरोळच्या उसात शिरलं, तर कोणाला कळणार?

तिरुपूरने हे भोगलंय. नोय्यल नदी नासली आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथले रंगाई कारखाने बंद करायला लावले. त्यानंतर सांडपाणी आरओमधून काढून, उरलेलं आटवून, पाणी आणि मीठ दोन्ही परत वापरायची पद्धत तिथे रुजली. खर्च दांडगा आहे. विजेची प्रक्रिया त्या साखळीतली एक कडी होऊ शकते, अख्खी साखळी नाही.

सगळा दोष कापडाचा नाही. कोल्हापूर-इचलकरंजीचं मैलापाणीही नदीतच जातं. पण पंचगंगा उशाशी असून इचलकरंजीला कृष्णेचं पाणी आणावं लागतं आणि दूधगंगेवरून शेजाऱ्यांशी भांडावं लागतं, याची किंमत कोणीच धरत नाही.

तेव्हा मंडळी, सुट्टीला गावी गेलात आणि कोणी नवं मशीन कौतुकाने दाखवलं, तर ‘रंग गेला का?’ एवढ्यावर थांबू नका. बाहेर पडणाऱ्या पाण्यात क्षार किती, ते विचारा. मर्यादा लिटरला 2100 मिलिग्रॅम आहे. आणि गाळ कुठे गेला, तेही विचारा.