जुनी चेन-सॉ घ्यावी का?

आमचं घर पवारांच्या काळापासून देवासला. काकांचं मोटरपंप दुरुस्तीचं दुकान आहे. धारच्या एका भंगारवाल्याकडे पाच बंद चेन-सॉ आहेत. त्या घेऊन, दुरुस्त करून विकाव्यात का, यावर घरात रोज वाद.

माझं मत : पाचही नकोत. आधी सायलेन्सर खोलून पिस्टन बघावा. उभे ओरखडे दिसले तर समजायचं, कुणीतरी पेट्रोलमध्ये ऑइल न टाकता ती पिटाळली आहे. पिस्टन-सिलिंडर बदलण्यातच नफा जातो. पिस्टन गुळगुळीत असेल, तर बहुधा कार्ब्युरेटरचा पडदा कडक झालेला असतो किंवा पेट्रोलची नळी तडकलेली. ते काम स्वस्तातलं.

खरा प्रश्न चेन ब्रेकचा. पात्याचं टोक लाकडात अडलं की मशीन उलटी तोंडाकडे उसळते. तेव्हा साखळी थांबवतो तो ब्रेक. काका म्हणतात, “गिऱ्हाईक फक्त चालू करून बघतं.” म्हणून तर तो आपण बघायचा! बागलीकडे बांधावरची बाभूळ कापणारा हेल्मेट कुठला घालतोय, गमछा बांधतो. ब्रेक मिळत नसेल तर ती मशीन सुट्या भागांसाठी ठेवावी, विकू नये.

काकांनी शेवटी तीन घेतल्या. दोन विकल्या गेल्या. तिसरी सुरू होते, पण ब्रेक अजून यायचाय, म्हणून ती फळीवरच आहे.