कालव्याची वळणे

कोपरगाव म्हटले की लोकांना राघोबादादांचा वाडा आठवतो. मला मात्र सर्व्हे ऑफ इंडियाचे, इंचाला मैल मापाचे जुने नकाशे जास्त बोलके वाटतात. त्यांत ओढा काळ्या रेघेने काढला असेल तर तो पावसाळा सरला की कोरडा, निळा असेल तर बारमाही. एवढे कळले की तालुका उलगडतो. १८७८चा दौंड-मनमाड लोहमार्ग बाणासारखा जातो. नांदूरमध्यमेश्वरहून निघालेले गोदावरीचे कालवे मात्र समोच्च रेषा धरून, उताराची मर्जी सांभाळत वळत येतात. १९१६मध्ये पुऱ्या झालेल्या दारणा धरणाचे पाणी त्यांना मिळाले आणि कालव्याच्या खालच्या अंगाला ऊस, वरच्या अंगाला बाजरी अशी वाटणीच झाली. साकरवाडी तर त्याआधीच्या नकाशात शोधूनही सापडायची नाही. ती साखर कारखान्याने वसवली. आता काकडी गावचा विमानतळ आणि समृद्धी महामार्ग उताराला विचारतही नाहीत. पण कालव्याचे पाणी जिरून जिरून चोपण, नापीक झालेली रानं? नकाशात तीही लागवडीच्या पिवळ्या रंगातच, शेजारच्या सकस वावराइतकीच टवटवीत.