विहाराच्या भिंतीवर फोरहँड

साखऱ्यासारख्या गावात टेनिसचे कोर्ट कुठून येणार? पण फोरहँड शिकायला कोर्ट लागत नाही. सपाट भिंत, जुना चेंडू आणि हाताला पेलेल अशी लाकडी फळी पुरते. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतली अल्थिया गिब्सन रस्त्यावर फळीनेच खेळायला लागली. पुढे तिला जुनी रॅकेट मिळाली, तीही आधी भिंतीवरच चालली. नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच १९५६ साली तिने फ्रेंच स्पर्धा जिंकली. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली काळी खेळाडू.

आमचे म्हणणे मुलींसाठी आहे. पाळीचा विटाळ आपल्या घरात नाही म्हणतो, तरी पाळी सुरू झाली की पोरीचे खेळणे बंद. भावाचे क्रिकेट मात्र चालूच. संध्याकाळचा अर्धा तास तिलाही द्या.

उजव्या हाताने खेळणारीने डावा खांदा भिंतीकडे करावा, फळी खालून वर न्यावी, चेंडू अंगाच्या पुढे, कमरेच्या उंचीवर मारावा. सुरुवातीला फटका उशिराच बसतो. मूठ आवळू नये, कोपर दुखते. दुखले तर दोन दिवस थांबावे. दहा-बारा फटक्यांतच धाप लागत असेल तर आधी आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासा. शाळेतली लोहाची निळी गोळी पोरी गुपचूप फेकतात, हे आम्हाला ठाऊक आहे.

विहाराच्या भिंतीला चेंडू लागतो म्हणून कुणी ओरडेल. वंदनेची वेळ सोडून लागू द्या. पोपडे निघाले तर चुन्याचा हात आम्ही मारून देऊ.