जायबंदी सैनिक आणि टक्केवारीचे दलाल

युद्धांत किंवा छावणींत शरीर झिजवून घरीं परतलेल्या सैनिकास अपंगत्वाबद्दल जें निवृत्तिवेतन मिळतें तें दान नव्हे, देणें आहे. दाराशीं आलेल्या धनकोस ऋणको हेलपाटे घालावयास लावूं लागला तर बाजारांत त्याची पत काय राहते, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. पहिल्या महायुद्धांत ४६ जवान देणाऱ्या साताऱ्याकडील अपशिंगे गांवास लोक आजही मिलिटरी अपशिंगे म्हणतात. अशा मुलखांत तरी या प्रश्नाची उपेक्षा होऊं नये.

नियम दिसावयास सोपा आहे. अपंगत्व सेवेमुळें आलेलें किंवा सेवेनें बळावलेलें असावें, आणि तें निदान २० टक्के असावें. घोडें पेंड खातें तें पहिल्या अटीपाशीं. वैद्यकीय मंडळ 'सेवेमुळें नव्हे व सेवेनें बळावलेलेंही नव्हे' असा शेरा मारतें. इंग्रजी आद्याक्षरांनीं त्याचा उच्चार 'नाना' असा होतो. आपल्याकडे नाना म्हणजे घरचा वडीलधारा. या नानांनीं मात्र अनेक घरांचा घास काढून घेतला आहे. धरमवीर सिंग यांच्या प्रकरणीं २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें १९८२ च्या नियमांचा अर्थ स्पष्ट केला. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल तर तो सेवेंतच जडला असें मानावें, संशयाचा फायदा सैनिकास द्यावा आणि उलट सिद्ध करण्याचा भार सरकारनें वाहावा, असा तो निर्णय आहे. २०१४ सालीं राम अवतार प्रकरणांत, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांचेंही २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरण्याची वाट मोकळी झाली. २१ सप्टेंबर २०२३ नंतर सेवा सोडणाऱ्यांस नवे नियम लागू आहेत. म्हणून सेवा कधीं संपली, ही तारीख प्रथम पाहावी.

हें सर्व त्या सैनिकास सांगतो कोण? बहुधा दलाल. 'काम झालें तर थकबाकीचा अमुक हिस्सा माझा,' असें तो कागदावर लिहून घेतो. आम्ही स्वतः वकिलीच्या धंद्यांतले असल्यामुळें स्पष्ट सांगतों कीं, दाव्याच्या यशावर फी ठरविणें वकिलांच्या व्यावसायिक नियमांस मान्य नाहीं. शिवाय पुढें मिळावयाच्या निवृत्तिवेतनाचें आगाऊ हस्तांतरण, करार किंवा तारण १८७१ च्या पेन्शन कायद्याचें बारावें कलम रद्दबातल ठरवितें. परक्या सरकारनें केलेला हा बंदोबस्त स्वराज्यांतील सैनिकास ठाऊक नसावा, ही शरमेची गोष्ट होय.

आणि वकील फुकट मिळत असतां हिस्सा द्यावयाचाच कशाला? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणें कोणत्याही स्त्रीस, कायद्यानें ठरविलेल्या प्रमाणाचें अपंगत्व असणाऱ्यास आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्नाच्या माणसास सरकारी खर्चानें वकील मिळतो. सैनिकाच्या विधवेस तर ती स्त्री आहे एवढेंच पुरे. तिचें उत्पन्न कोणी विचारूं नये. २६ जुलै २०२५ रोजीं राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानें वीर परिवार सहायता योजना सुरू करून सैनिक मंडळांच्या कचेऱ्यांतच कायदेविषयक मदतकेंद्रें उघडण्याचें ठरविलें. योजना चांगली आहे. परंतु तेथें बसणाऱ्या वकिलास मंडळाचा अहवाल वाचतां आला पाहिजे, आणि लष्करांतील अपील व सशस्त्र दल न्यायाधिकरण यांचा क्रम ठाऊक पाहिजे. नाहींतर टेबल, खुर्ची व पाटी एवढेंच हातीं राहील.

दिरंगाईचा भुर्दंडही सैनिकासच बसतो. तरसेम सिंग प्रकरणांत २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें थकबाकी अर्जापूर्वीच्या तीनच वर्षांपुरती दिली. त्यामागची वर्षें बुडालीं. सरकार मात्र न्यायाधिकरणांत हरल्यावरही वरच्या न्यायालयाची पायरी चढतें. एका खिशांतून गरीब सैनिकास वकील द्यावयाचा आणि दुसऱ्या खिशांतून त्याच्याविरुद्ध वकील उभा करावयाचा, हा हिशेब कोणत्या पेढीवर चालेल? असे तंटे कमी व्हावेत म्हणून गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असतां २०१५ सालीं तज्ज्ञांची समिति नेमली गेली होती. तिचा अहवाल अधिकाऱ्यांनीं पुन्हा एकदां उघडून पाहावा.

जिल्ह्याजिल्ह्यांतील वकीलसंघांस आमची सूचना आहे कीं, त्यांनीं आठवड्यांतून एक दिवस, शक्य तर बाजारचा, आपला एक जाणता सभासद सैनिक कल्याण कार्यालयांत बसवावा. सेवापुस्तिका, निवृत्तिवेतनाचा आदेश, मंडळाचा अहवाल आणि नकाराचें पत्र एवढे कागद पुढें आले म्हणजे अर्ध्या तासांत दिशा ठरते. अहवालाची प्रत नसेल तर माहितीच्या अधिकारांत मागतां येते. आणि एखादा माजी सैनिक इंग्रजी पत्र वाचून घेण्यास आपल्या दुकानीं आला तर दुकानदारांनीं पत्रावरील तारीख त्यास मोठ्यानें वाचून दाखवावी, कोणत्याही करारावर सही करूं नको म्हणून बजावावें, आणि त्याच दिवशीं त्यास जिल्हा न्यायालयांतील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीचा रस्ता दाखवावा.