पहिली जखम शिवली, दुसरीचे काय?

शिमगा तोंडावर आला की आमच्या पाली परिसरात दोन तयाऱ्या सुरू होतात. वाड्यावाड्यांत पालखीची, सहाणेची, खेळ्यांची तयारी चालते. सरकारी दवाखान्यात टाक्यांचा धागा, धनुर्वाताची इंजेक्शने आणि बँडेज जास्तीचे मागवले जाते. या दुसऱ्या तयारीबद्दल फारसे कुणी बोलत नाही. पालखी आधी कुणाच्या अंगणात जायची, मान कुणाचा, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी गावकरांचे कितपत ऐकायचे, हे प्रश्न बहुतेक गावांत बैठकीतच मिटतात. क्वचित मिटत नाहीत. मग मध्यरात्री एखादी रिक्षा दवाखान्याच्या दारात येऊन थांबते.

अशा वेळी रुग्ण काय सांगतो, हे आता मला पाठ झाले आहे. ‘पडलो, डॉक्टर.’ पण जखम खोटे बोलत नाही. पडणारा माणूस तळहातावर पडतो, त्याचे मनगट मोडते. डोक्यावर येणारी काठी अडवायला हात वर करणाऱ्याचे कोपराखालचे हाड मध्यावर मोडते. आम्ही एक्स-रे पाहतो, एमएलसी नोंदवतो, पोलिसांना कळवतो, टाके घालतो, गोळ्या देतो. कागदावर आमचे काम संपते.

ते संपत नाही, हे मला उशिरा कळले. बऱ्याच वर्षांपूर्वी मी जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात रात्रपाळीला होतो. गडग्याच्या भांडणात डोके फुटलेला एक तरुण आला. मी टाके घातले. बाहेर व्हरांड्यात त्याचा धाकटा भाऊ कुणाशी न बोलता येरझारा घालत होता. मी त्याला पाहिले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. दोन दिवसांनी त्याच गडग्याच्या पलीकडच्या घरातला माणूस कोयत्याचा वार घेऊन आला. तो वाचला, पण त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा वळली नाहीत. धाकटा भाऊ पोलीस कोठडीत गेला. पहिली जखम मी नीट शिवली होती. दुसरी जखम व्हरांड्यात येरझारा घालत होती, तिच्याकडे मात्र मी पाहून न पाहिल्यासारखे केले.

साथीच्या आजारात आम्ही असे कधी करत नाही. क्षयाचा रुग्ण सापडला की त्याच्या घरातल्या प्रत्येकाची चौकशी होते. कॉलऱ्याचा रुग्ण आला की विहीर तपासली जाते. मग हाणामारीचा रुग्ण आल्यावर ‘आता पाळी कुणाची?’ हा प्रश्न आपण का विचारत नाही?

जागतिक आरोग्य सभेने १९९६ साली ठराव करून हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे मान्य केले. २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर सविस्तर अहवाल काढला. गॅरी स्लटकिन हे अमेरिकेतले साथरोगतज्ज्ञ. क्षय, कॉलरा आणि एड्सवर अनेक वर्षे काम करून ते शिकागोला परतले, तेव्हा शहरात तरुण पोरे एकमेकांवर गोळ्या झाडत होती. त्यांनी त्या घटनांचे नकाशे आणि आलेख मांडले. ते साथीच्या नकाशांसारखे दिसले. एका घटनेच्या आसपास दुसरी, दुसरीच्या आसपास तिसरी. २००० साली तिथल्या एका वस्तीत त्यांनी प्रयोग सुरू केला. पोलीस किंवा बाहेरचे समाजसेवक न पाठवता त्याच गल्लीतली, एके काळी स्वतः त्या भांडणांत असलेली आणि त्यातून बाहेर पडलेली माणसे त्यांनी नेमली. गोळीबार झाला की ही माणसे रुग्णालयात, जखमीच्या घरी, त्याच्या मित्रांच्या कट्ट्यावर जात आणि सूड थांबवण्याचा प्रयत्न करत. सगळीकडे सारखे यश आले नाही. काही वस्त्यांत फरक स्पष्ट दिसला, काही ठिकाणी फारसा दिसला नाही. पण सूडाची पाळी ओळखून तिच्या आड उभे राहता येते, एवढे त्या कामाने दाखवून दिले.

यासाठी शिकागोपर्यंत जायचीही गरज नाही. आपल्याच राज्यात भिवंडी आहे. १९७० आणि १९८४ साली भिवंडीत भीषण दंगली झाल्या. १९८८ साली सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या उभ्या केल्या. त्यांत नेहमीच्या शांतता समितीतले पुढारी नव्हते, तर दोन्ही समाजांतली साधी माणसे होती, आणि समितीची जबाबदारी त्या भागातल्या पोलिसावर होती. बैठका नियमित होत. नळ, गटार, पोरांची भांडणे असे विषय निघत. दंगल नसताना केलेली ही ओळख पुढे कामाला आली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली. शेजारची, दंगलीचा इतिहास असलेली भिवंडी मात्र शांत राहिली. ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ या नावाचे पुस्तकच खोपडे यांनी पुढे लिहिले. मुंबईतही १९९४ पासून मोहल्ला कमिटीची चळवळ उभी राहिली. ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्यासारखी माणसे त्यामागे होती.

याच भिवंडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाशेजारी पोलीस ठाणे बांधण्यावरून तिथे तणाव भडकला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे आणि जमावाच्या हातून दोन पोलीस मारले गेले. एकदा लस दिली म्हणून जन्मभर निर्धास्त राहता येईल, असा हा आजार नाही. माणसे बदलतात, अधिकारी बदलतात, ओळखी विरतात. बैठक चालू ठेवावी लागते.

कोकणातल्या गावाला हे नवे वाटू नये. आपल्याकडे गावकर, मानकरी आहेत, गावबैठक आहे. १५ ऑगस्ट २००७ पासून राज्यभर राबवलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेमुळे गावोगाव समित्याही झाल्या. आज तुमच्या गावची समिती शेवटची कधी बसली, हे आठवून पाहा. अनेक गावांत तिचा फक्त फलक उरला आहे.

तरीही नुसती तंटामुक्त समिती पुरेशी नाही. ती समिती विचारते, चूक कुणाची? तापलेल्या माणसाला त्या रात्री हा प्रश्न विचारण्यात अर्थ नसतो. गडगा कुणाच्या जमिनीत सरकला हे मोजणी आणि न्यायालय ठरवील, त्याला वर्षे लागतील. आज रात्री कोयता घरातच राहावा, हा प्रश्न मात्र वाडीचा आहे आणि त्याला काही तासांचीच मुदत असते. राग, अपमान, दारू आणि जागरण एकत्र आले की माणूस परिणामांचा विचार करू शकत नाही. एक रात्र गेली, झोप झाली, दारू उतरली, की तोच माणूस निराळा विचार करतो. ती एक रात्र निभावणे हेच खरे काम.

ते कोण करील? ज्याचा शब्द तापलेला माणूस ऐकतो, तो. तो सरपंच असेलच असे नाही. कधी तो क्रिकेट संघाचा कप्तान असतो, कधी भजनीबुवा, कधी निवृत्त एसटी चालक, कधी तरुणपणी स्वतः कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला एखादा काका. कधी ती वाडीतली आत्या असते, जिच्यासमोर कुणी आवाज चढवत नाही. अशी दोन-तीन माणसे प्रत्येक वाडीत आजच ठरवून ठेवावीत, आणि त्यांनी दोन्ही बाजूंच्या घरी अधूनमधून चहाला जात राहावे. भांडणाच्या रात्री पहिल्यांदा दार वाजवणाऱ्याला कुणी आत घेत नाही.

त्यांनी निवाडा करू नये. ‘तुझे बरोबर आहे’ असेही म्हणू नये. ऐकून घ्यावे, सोबत बसावे, तरुण पोराला रात्रीपुरते मावशीकडे न्यावे, दारूचा आणखी एक पेला टाळावा, मोबाइलवरचा चिथावणीचा व्हिडिओ पुढे जाऊ देऊ नये. समोर हत्यार निघाले असेल तर शौर्य न दाखवता ११२ वर फोन करावा. या माणसांवर खबऱ्याचा शिक्का बसता कामा नये. तसेच गंभीर गुन्हा झाला असेल तर तो दाबण्याचे कामही त्यांच्याकडे देऊ नये.

एक सीमा मात्र पक्की हवी. बायकोला मारहाण हा ‘तंटा’ नव्हे. तिथे दोन बाजू नसतात. अशा बाईला समितीपुढे बसवून समजुतीने परत त्याच घरात पाठवणे म्हणजे पुढच्या जखमेची सोय करणे. तिच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, १८१ ही हेल्पलाइन आहे.

आता आम्हा डॉक्टरांचा वाटा. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या शल्यचिकित्सकांच्या लक्षात आले, की मारहाणीचे जे रुग्ण आपण शिवतो, त्यांतल्या बहुतेकांची नोंद पोलिसांकडे नसतेच. त्यांनी रुग्णाचे नाव न देता फक्त जागा, वेळ आणि हत्यार एवढीच माहिती नियमितपणे पोलीस आणि नगरपालिकेला द्यायला सुरुवात केली. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दारूच्या अड्ड्यापाशी माणसे फुटतात हे दिसले आणि त्यानुसार बंदोबस्त झाला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तशाच इतर शहरांच्या तुलनेत तिथे मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी कमी आढळले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही. स्वागतकक्षात तीन जादा प्रश्न विचारले गेले, एवढेच.

आपल्या ग्रामीण रुग्णालयांतही हे तीन प्रश्न विचारता येतील. आणि चौथा प्रश्न रुग्णासोबत आलेल्यांना: ‘घरी आता कोण जास्त तापले आहे?’ त्या माणसाला बाकावर बसवावे, पाणी द्यावे आणि जखमीच्या घरच्यांच्या संमतीने वाडीतल्या ठरलेल्या माणसाला बोलावून घ्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन आपण जखमीला देतो, कारण धनुर्वात होण्याची वाट पाहायची नसते. हेही तसेच आहे.

शिमग्याला अजून काही दिवस आहेत. पालखीचा मार्ग ठरवायला गाव बसेलच. त्याच बैठकीत पाच मिनिटे जास्त बसा आणि एवढेच ठरवा, की काही बिनसले तर कुणी कुणाच्या घरी जायचे. दवाखान्यात मागवलेला जास्तीचा धागा यंदा तसाच राहिला, तर आम्हाला आनंदच होईल.