आडनांव हाच अपराध

न्यायासनापुढें उभ्या राहिलेल्या मनुष्यानें काय केलें एवढेंच पाहावें. तो कोणाच्या पोटीं जन्मला हें पाहूं नये, हें कायद्याचें पहिलें सूत्र होय. हें सूत्र मोडलें म्हणजे एका घराचा आणि पाठोपाठ साऱ्या मुलखाचा कसा घात होतो, हें पाहावयाचें असल्यास एलेन केली या आयरिश बाईच्या कुळाची हकीकत वाचावी. तिचा मुलगा नेड केली याचें नांव ऑस्ट्रेलियांत पोराठोरांसही ठाऊक आहे. कोणी त्यास वीर म्हणतात, कोणी दरोडेखोर. आईची हकीकत मात्र थोडेच सांगतात, आणि आमच्या मतें खरा बोध तिच्यांतच आहे.

एलेन हिचा जन्म सुमारें १८३२ सालीं आयर्लंडांतील अँट्रिम परगण्यांत झाला. १८४१ सालीं तिचे आईबाप मुलांबाळांसह ऑस्ट्रेलियांतील पोर्ट फिलिप येथें वसाहत करण्यास आले. १८५० सालीं तिनें मेलबर्न येथें जॉन केली याच्याशीं लग्न केलें. हा टिपरेरी परगण्यांतला. दोन डुकरें चोरल्याबद्दल काळ्या पाण्यावर धाडलेला व सजा भोगून मोकळा झालेला. १८६६ च्या डिसेंबरांत तो वारला, तेव्हां बाईच्या पदरीं सात मुलें होतीं.

विधवेनें हातपाय गाळले नाहींत. गरिबांस जमीन मिळावी म्हणून व्हिक्टोरिया सरकारनें १८६० नंतर कायदे केले होते. त्यांखालीं तिनें ग्रेटा गांवाजवळ एका ओढ्यालगत ८८ एकरांचा तुकडा घेतला. दरसाल खंड भरावा, कुंपण घालावें, घर बांधावें, जमीन लागवडीस आणावी, अशा अटी होत्या. आणि चांगली जमीन तर मेंढ्यांचे मोठमोठे कळप बाळगणाऱ्या जमीनदारांनीं आधींच बळकाविलेली. पोट भरेना म्हणून ती वाटसरूंस जेवूं घाली व परवान्यावांचून दारूही विकी. घरचीं पोरें आणि भाऊबंद गुरेंघोडीं चोरल्याच्या आरोपांत वारंवार सांपडत. ते सगळेच आरोप खोटे होते असें आम्ही म्हणत नाहीं.

परंतु याच ठिकाणीं सरकारचें पाऊल वांकडें पडलें. १८७७ सालीं निकल्सन नांवाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी तिच्या घरीं जाऊन आला; आणि या मंडळींस अपराध क्षुल्लक असला तरी तुरुंगांत पाठवावें, म्हणजे त्यांचा दबदबा मोडेल, अशा अर्थाचा अभिप्राय त्यानें लिहिला. वाचकांनीं याचा नीट विचार करावा. अपराध पाहून माणूस धरावयाचा ही रीत सुटली. माणूस आधीं ठरवून अपराध हुडकण्याची रीत सुरू झाली.

फळ लौकरच आलें. १५ एप्रिल १८७८ रोजीं फिट्झपॅट्रिक नांवाचा शिपाई धाकटा मुलगा डॅन यास पकडावयास एकटाच आला. झटापट झाली. नेडनें आपणांवर गोळी झाडली व एलेननें डोक्यांत फावडें घातलें, असें त्यानें सांगितलें. मुख्यतः त्याच्याच जबानीवर ऑक्टोबरांत एलेन हिला तीन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्या वेळीं तिच्या कडेवर तान्हें मूल होतें. न्यायाधीश सर रेडमंड बॅरी हा स्वतः आयर्लंडांतला, मेलबर्नच्या विद्यापीठाचा पहिला कुलपति. एवढ्या विद्वत्तेचाही त्या बाईस उपयोग झाला नाहीं! साक्ष देणारा शिपाई १८८० सालीं बडतर्फ झाला. बाईची शिक्षा कायम राहिली.

शिक्षेनंतर थोड्याच दिवसांत, २६ ऑक्टोबर रोजीं, नेड व त्याचे साथीदार यांनीं तीन पोलिसांस ठार केलें. तेही तिघे जन्मानें आयरिशच. त्यांच्याही मागें रडणारीं माणसें होतीं. या हत्यांचें समर्थन आम्ही करणार नाहीं. ११ नोव्हेंबर १८८० रोजीं मेलबर्नच्या तुरुंगांत नेड फांशीं गेला, तेव्हां त्याच तुरुंगांत आई सजा भोगीत होती. १८८१ सालीं नेमलेल्या चौकशी मंडळानें पोलिसांच्या कारभारावर कडक ठपका ठेवला. पण तोंवर जावयाचे ते जीव गेले होते. एलेन १९२३ पर्यंत जगली.

या हकीकतींत आणखी एक वारसा आहे, त्याचा उच्चार क्वचितच होतो. ज्या ८८ एकरांसाठीं ती झगडली, ती भूमि तेथील मूळ रहिवाशांची. त्यांस कोणी खंड दिला नाहीं. उलट नेडचा माग काढण्यास सरकारनें क्वीन्सलंडाहून मूळ रहिवासीच आणविले. एका नाडलेल्यास दुसऱ्या नाडलेल्याच्या पाठीं लावावें, ही साम्राज्याची जुनी विद्या!

तीच विद्या आमच्या दारींही आली. १८७१ सालीं हिंदुस्थानांत गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. निकल्सननें जें एका घराविषयीं सुचविलें, तें येथें कायद्यानेंच सबंध जमातींस लागू केलें. हा कायदा पुढें मुंबई इलाख्यांतही आला, आणि सोलापुरास माणसें तारेच्या कुंपणाआड ठेविलीं गेलीं. १९५२ सालीं, स्वराज्य आल्यावर, तो रद्द झाला. पण मनांतला कायदा रद्द झाला आहे काय? दुकान फुटलें कीं पुराव्याआधीं पारध्याच्या पालाकडे बोट दाखविणारे आम्हींच आहों. परक्या सरकारनें केलेला अन्याय आपण चालवीत राहिलों, तर त्याचें पाप परक्याच्या माथीं मारतां येणार नाहीं. यापुढें फिर्याद देतांना प्रत्येक व्यापाऱ्यानें पाहिलेलें तेवढेंच सांगावें, आणि जात सांगण्याचा मोह आवरावा. स्वराज्यांतील न्यायाचा आरंभ कचेरींत होत नाहीं. तो फिर्यादीच्या जिभेवर होतो.